शेवटच्या मागे

१

तिचं खरं नाव बँकेच्या पासबुकावर होतं. बाकी सगळीकडे ती शेपूट. हे नाव तिच्या थोरल्या भावाने, दादाने ठेवलेलं, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. तो पुढे चालायचा, ती मागे. "हत्ती मी, शेपूट ही," असं तो आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. पाहुणे हसायचे, तीही हसायची, कारण रोज तोच विनोद ऐकून माणूस एक तर हसतो नाहीतर खून करतो.

भावंडांचा धंदा सरळ होता. शहरातून आलेल्या लोकांना समुद्राकाठच्या पायवाटेने चालवत आणायचं. बस त्यांना दीपगृहापाशी सोडायची. तिथून कड्याच्या कडेकडेने वाट, मग लाकडी पायऱ्या उतरून खाली वाळू, वाळू ओलांडून टेकडीचा चढ, आणि चढाच्या माथ्यावर यांच्या घराचं फाटक. घरी आई चहाचं आधण ठेवून तयार असायची. लोक चहा प्यायचे, बुटांतली वाळू अंगणात रिकामी करायचे, पायाला आलेले फोड एकमेकांना कौतुकाने दाखवायचे आणि "काय भाग्यवान हो तुम्ही, रोज हे बघता" असं म्हणून संध्याकाळच्या बसने परत जायचे.

दादा चालताना मागे वळून बघत नसे. एकदा असाच मागे बघत चालला आणि कड्यावर पाय मुरगळून बसला, तेव्हापासून कानाला खडा. "ड्रायव्हर मागच्या सीटकडे बघत गाडी चालवतो का?" असं त्याचं म्हणणं. त्याऐवजी प्रत्येक वळणावर तो समोर बघूनच हाक द्यायचा, "शेवट?" आणि रांगेच्या टोकावरून शेपूट ओरडायची, "शेवट!" याचा अर्थ असा, की माझ्या पुढचे सगळे ठीक आहेत आणि माझ्या मागे कोणी नाही. उत्तर आल्याशिवाय दादा पाऊल उचलत नसे. हे इतकं पक्कं होतं, की एकदा तिला ठसका लागला तर तो ठसका थांबेपर्यंत सगळी रांग उन्हात उभी होती.

फाटकाशी तिचं आणखी एक काम असायचं. फाटक अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल एवढं. ती ते एका हाताने धरून वाटेकडे तोंड करून उभी राहायची, प्रत्येकाला "व्हा पुढे" म्हणायची, सगळे गेले की वाटेवर एक नजर टाकायची आणि आत शिरून साखळीला कुलूप दाबायची. कुलूप नुसतं दाबलं की लागायचं. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला. संध्याकाळी भरती वाळूवर चढते, तेव्हा चुकून कोणी तिकडे उतरू नये म्हणून हे कुलूप. मग ओसरीवरून दादा विचारायचा, "हत्ती आत आला, शेपूट राहिलं का?" आणि ती म्हणायची, "शेवट!" की झाला दिवस.

या कामाचा तिला अभिमान होता. पुढे चालणाऱ्याला वाट ठाऊक असते, त्यात काय मोठं? पण मागे कोणी राहिलं नाही, हे छातीवर हात ठेवून सांगणारी ती एकटीच होती.

त्या हंगामात एक गोष्ट नवी ठरली होती. आईला ही वाट एकदा चालायची होती. सगळा जन्म तिने दुसऱ्यांच्या दमलेल्या पायांना चहा पाजला, स्वतः मात्र दीपगृहापासून घरापर्यंत सलग कधी आली नव्हती. आता गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. "नंतर डॉक्टर चालू देतील न देतील," ती म्हणाली, "मला आत्ताच जायचंय." दादाचा विरोध होता. शेपूट म्हणाली, "माझ्या पुढ्यात चालेल ती. तिला घरी आणायची जबाबदारी माझी."

२

कड्यावर एका ठिकाणी खडक आत वळलाय, तिथे आवाज घुमतो. पाहुण्यांना तिथे स्वतःचं नाव ओरडायला फार आवडतं. मोठमोठे अधिकारी तिथे लहान होतात.

त्या दिवशी दादाने तिथे हाक दिली, शेपटीने उत्तर दिलं, आणि तिच्या मागून हलकेच आलं, "शेवट." तिने लक्षही दिलं नाही. पण पुढे मोकळ्या पठारावर, जिथे घुमायला ना खडक ना झाड, तिथेही ती "शेवट!" म्हणाली आणि मागून पुन्हा आलं, "शेवट." तिच्याच आवाजात, जरा दमलेलं.

तिने मागे पाहिलं. वाट होती तशीच होती. गवत एका बाजूला झुकलेलं, आणि त्याच्या पलीकडे पाणी.

वारा आवाज कुठल्या कुठे नेतो, हे समुद्राकाठच्या माणसाला कोणी शिकवायला नको. तिने स्वतःला तेच सांगितलं. तरी घरी येईपर्यंत एक बारीकशी गोष्ट तिला टोचत राहिली. घुमायचंच तर दादाचीही हाक घुमायला हवी होती. त्याचा गळा तिच्याहून मोठा. ती एकदाही घुमली नव्हती.

३

नंतर काही दिवस ऐकू आलं, काही दिवस नाही. तिने दादाला सांगितलं नाही, कारण त्याने महिनाभर पाहुण्यांना तेच सांगून हसवलं असतं.

मग एक दिवस वाळूवर तिच्या बुटाची नाडी सुटली. ती खाली वाकली. समोर रांग चालत होती, तिच्या लगेच पुढे एक निवृत्त मास्तर, उन्हाची टोपी आणि हातात काठी. दादाची हाक आली, "शेवट?" तिच्या तोंडात नाडीचं टोक होतं, गाठ घट्ट करायला ती दाताने ओढत होती. उत्तर द्यायला तिने तोंड रिकामं केलं, तेवढ्यात मागून स्पष्ट, मोठ्याने आलं, "शेवट!"

शब्द ओढायची तीच लकब, शेवटी आवाज किंचित वर नेण्याची तीच सवय. दादा पुढे निघाला, त्याच्यामागे रांग हलली.

शेपूट वाकलेलीच राहिली. मागे बघायला मानेला काही फार कष्ट नव्हते, पण मान वळायला वेळ लागला. मागे ओली वाळू होती, पायऱ्यांपर्यंत सरळ, आणि तिच्यावर कोणीच नव्हतं. असं असूनही तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मास्तर थांबले होते. टोपी सारखी करत, मास्तरकीच्याच सुरात म्हणाले, "ताई, तुमच्या त्या मागच्या बाईंना जरा पुढे घ्या ना. फार मागे मागे राहतात. आणि केवढ्या भिजल्यात!"

"कुठल्या बाई?"

"त्याच, तुमच्यासारखं नारिंगी जाकीट घातलेल्या. मला वाटलं, तुम्ही दोघी आहात कामाला."

नारिंगी जाकीट एकच होतं. दादाने ते तिच्यासाठी खास आणलं होतं, शेवटचा माणूस लांबून दिसावा म्हणून. मास्तरांनी मागे बोट दाखवलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "आत्ता तर होत्या." मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला. चष्मा पुसला की जग सुधारतं, अशी काही माणसांची श्रद्धा असते.

४

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने सगळं सांगितलं. दादा वर्तमानपत्र पसरून बुटांना तेल लावत होता. आई आत बिछाने घालत होती.

"कानात वारं गेलंय तुझ्या," दादा म्हणाला.

"आणि मास्तरांच्या डोळ्यांत काय गेलं?"

"म्हातारपण."

"दादा, मी उत्तर दिलंच नव्हतं. आणि तू निघालास."

त्याचा हात बुटावर थांबला. भाऊ म्हणून तो टवाळ होता, पण कामात नव्हता.

"मग उद्यापासून तू मागे ये, मी पुढे जाते," ती म्हणाली.

"कड्यावरची वाट पुढून चालवशील? कुठला दगड हलतो ते ठाऊक आहे?"

तिला ठाऊक नव्हतं. ती कायम दुसऱ्यांच्या पायांकडे बघत आली होती.

तिने आईचं चालणं पुढे ढकलायचं सुचवलं. आतून आवाज आला, "पुढच्या महिन्यात माझा गुडघा डॉक्टरच्या टेबलावर असेल. मी या आठवड्यातच येणार. तुम्ही दोघं काय ते शेवट-बिवट आपसांत मिटवा." आईचे कान तिच्या गुडघ्यांपेक्षा फार चांगले होते.

शेवटी तोडगा शेपटीनेच काढला. शिट्ट्या. त्याच्या गळ्यात एक, तिच्या गळ्यात एक. त्याने एकदा वाजवायची, तिने दोनदा. आवाजाची नक्कल वारा करेल, कान करतील, आणखी कोणी करेल. पण शिट्टी वाजवायला हातात शिट्टी लागते. दादाला हे पटलं. त्याला मुळात ओरडून ओरडून कंटाळा आलाच होता.

आणि खरोखर, शिट्ट्या आल्या आणि सगळं गप्प झालं. त्याची एक, तिच्या दोन, मागे फक्त लाटा. पाहुण्यांनाही गंमत वाटली. शेपूट रात्री पुन्हा शांत झोपू लागली. आपण एवढं घाबरलो कशाला, असं वाटून तिला थोडी लाजच आली.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही ध्यानात आली नाही. हाकेत "शेवट" म्हणता यायचं, तसंच "थांब" म्हणता यायचं. शिट्टीला त्यांनी एकच बोलणं शिकवलं होतं.

५

आईने चालायला सुरुवात केली ती नव्या नवरीच्या ऐटीत. नवे बूट, काठी, डोक्याला रुमाल. कड्यावर दर थोड्या वेळाने थांबून ती समुद्राकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "इथून असं दिसतं होय? आणि तुम्ही मला कधी सांगितलं नाही." शेपूट म्हणायची, "रोज सांगतो, आई." आई म्हणायची, "सांगणं वेगळं."

दुपार कलताना पाण्यावरून धुरकट हवा आत आली. दाट नव्हती, पण लांबचं पुसट करणारी. दादाने पाऊल थोडं उचललं, कारण वाळू भरतीच्या आत ओलांडायची होती. शिट्ट्या चालूच होत्या. एक, मग दोन. एक, मग दोन.

लाकडी पायऱ्यांवर आईचा गुडघा बोलायला लागला. ती कठडा धरून एकेक पायरी उतरत होती, बोलणं बंद झालं होतं, आणि आईचं बोलणं बंद झालं की घरात सगळ्यांना काळजी वाटते. शेवटच्या पायरीवर ती खालीच बसली. "जरा थांबू दे," ती म्हणाली. ओठ पांढरे पडले होते.

रांग वाळूवर पुढे गेली होती, धुरकट हवेत नुसत्या आकृत्या. शेपूट आईचा बूट सैल करत होती. पुढून दादाची शिट्टी आली, एक.

आपण उलट शिट्टी वाजवायची नाही, म्हणजे दादा थांबेल, एवढं तिला कळत होतं. तिने गळ्यातली शिट्टी मुठीत घट्ट धरली.

मागे, वर, पायऱ्यांच्या माथ्यावर दोन शिट्ट्या वाजल्या.

पुढच्या आकृत्या हलल्या. "दादा! थांब!" ती ओरडली. वारा समोरून येत होता, त्याने तिचा आवाज तिच्याच तोंडात परत घातला. ती पळत थोडी पुढे गेली, मग आईकडे बघून मागे आली. मग तिने शिट्टी फुंकली. दोनदा, चारदा, लांबलचक, गाल दुखेपर्यंत. पलीकडून दादाने आनंदाने एक वाजवली. तिच्या प्रत्येक शिट्टीचा त्याच्या कानी एकच अर्थ होता, की शेवट आहे, सगळं ठीक आहे, चल पुढे. आकृत्या लहान होत होत चढाकडे गेल्या आणि दिसेनाशा झाल्या.

पाण्याची पहिली जीभ वाळूवर लांबवर आली आणि तिच्या बुटांपाशी थांबली.

६

"ऊठ, आई. आता उठावंच लागेल."

"उठते गं. पण एका हाताने नाही जमायचं." आईने मान वळवून पायऱ्यांकडे वर पाहिलं. "त्या बाईला बोलाव ना. एक हात तू दे, एक ती देईल."

शेपटीने विचारलं, "कुठली बाई?"

"ती काय, मधल्या पायरीवर बसलीये. तुझ्यासारखंच जाकीट आहे. ती पण दमलेली दिसते बिचारी."

शेपटीने पायऱ्यांकडे पाहिलं. लाकूड, कठडा, धुरकट हवा. "कोणी नाहीये तिथे. आई, माझ्याकडे बघ. चल."

पण आईने तोवर हात वर केला होता. पाहुण्यांना आयुष्यभर आत बोलावलेला हात. "ये गं बाई, अशी लाजू नकोस. ये इकडे."

त्यानंतरचं शेपटीच्या लक्षात तुकड्या तुकड्यांनीच राहिलं. तिने आईचा उजवा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि उचलण्यासाठी सगळा जीव लावला. आणि आई उठली. सहज उठली. तिचा भार निम्माच लागला. आईचा डावा हात बाजूला उंच, आडवा होता, जसा कोणाच्या खांद्यावर टाकलेला असावा, आणि तो खाली पडत नव्हता.

त्या चालू लागल्या. पाणी घोट्याला आलं, मग पोटरीला. एक लाट शेपटीला खांद्यापर्यंत भिजवून गेली. ती समोर बघत होती. दादासारखी, फक्त समोर. मागे तर नाहीच, पण आईच्या पलीकडेही बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. हे वय आहे, दुखणं आहे, भीतीने माणसाच्या अंगात बळ येतं, पाण्यात माणूस हलका होतो. तिच्याकडे कारणं पुष्कळ होती आणि ती एकेक करून स्वतःला देत होती.

आई डावीकडे बघून बोलत होती. "तुमचे हात किती गार पडलेत हो." मग थांबून, ऐकून, "हो का? अगं बाई!" मग, "ते काही नाही, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." शेपटीला लाटांखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

वाळू संपली, चढाचा पहिला दगड लागला. तिथे आईचा पाय घसरला आणि तिला सावरताना शेपटीची नजर न ठरवता पलीकडे गेली. आईच्या डाव्या कोपराखाली एक बाही होती. नारिंगी, पाणी निथळणारी. बाहीवरची चंदेरी पट्टी मनगटाशी सुटून लोंबत होती, तशी ती तिच्या स्वतःच्या बाहीवर कधी सुटली नव्हती.

तिने डोळे खाली घेतले आणि चढत राहिली. तिला ओरडायचं होतं, पण आईला घरी न्यायचं होतं, आणि एका वेळी माणूस एकच काम करू शकतो.

"चांगली बाई आहे," चढाच्या मध्यावर आई धापा टाकत म्हणाली. "विचारलं, कुठल्या गटाबरोबर आलात? तर म्हणाली, तुमच्याच."

७

फाटक दिसलं तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. घराच्या खिडकीतून उजेड बाहेर येत होता. पाहुण्यांचं हसणं, दादाने केलेल्या चहाच्या कपांची किणकिण, अंगणात बूट आपटण्याचा आवाज. शेपटीचे डोळे भरून आले. आणली. म्हटल्याप्रमाणे आईला घरी आणली.

आता एवढंच करायचं होतं. आईला आत सोडायचं, तिच्या पाठोपाठ आत शिरायचं आणि कुलूप दाबायचं. मागे काय आहे ते मागे राहील. कोणाला मागे न ठेवणारी ती, आज एकदा ठेवणार होती, आणि त्याची तिला लाज वाटणार नव्हती.

तिने फाटक उघडलं. आई काठी टेकत आत गेली. शेपूट फाटक एका हाताने धरून उभी होती, वाटेकडे तोंड करून, रोजच्यासारखी. अंग थकलेलं होतं, डोकं रिकामं झालं होतं. बाजूला कोणीतरी थांबल्यासारखं झालं, अदबीने, पाहुणे थांबतात तसं. आणि हजारदा म्हटलेले शब्द तिच्या तोंडून आपोआप निघून गेले.

"व्हा पुढे."

ओलं कापड तिच्या हाताला घासून गेलं.

तिला कळलं तोवर फाटक तिच्या हातातून सुटलं होतं. साखळी वाजली. कुलूप दाबल्याचा खटका तिने हजारदा ऐकला होता, पण या बाजूने कधीच नाही.

ओसरीवरून दादाचा आवाज आला, "हत्ती आत आला, शेपूट राहिलं का?"

"दादा!" ती ओरडली. "दादा, मी बाहेर आहे!"

"शेवट!" आतून उत्तर आलं. दमलेलं, हसरं.

"किती उशीर गं," दादा म्हणाला. "आणि केवढी भिजलीस! आईला घे आत. सारखी शिट्टी वाजवत होतीस, मला वाटलं मजेत आहात दोघी."

फाटक डोक्याहून उंच होतं आणि दोन्ही बाजूंची तार थेट कड्याच्या कडेपर्यंत गेली होती. तिने ते गदागदा हलवलं. घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. अंगणात पाहुणे बूट बांधत होते, एकाने मान वर करून समुद्राकडे बघितलं आणि शेजारच्याला म्हणाला, "वारा काय सुटलाय." मग बसचा हॉर्न वाजला आणि ते सगळे घराच्या पुढच्या बाजूने निघून गेले.

स्वयंपाकघराची खिडकी फाटकासमोरच होती. बाकाच्या टोकाला, तिच्या रोजच्या जागी, कोणी नारिंगी जाकीट घालून पाठमोरं बसलं होतं. केसांतून पाणी गळत होतं. दादाने त्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि टपली मारली. आईने शेपटीचा रोजचा, टवका उडालेला निळा कप भरला आणि द्यायला वाकली. वाकताना तिने त्या चेहऱ्याकडे बघितलं. कप तिच्या हातातच राहिला.

शेपटीने शिट्टी तोंडात घातली आणि वाजवली. दुसरं काही तिच्याजवळ नव्हतंच.

आईने खिडकीकडे पाहिलं. "कोणीतरी राहिलंय," ती म्हणाली.

"शेवट आत आली म्हणजे सगळे आत, आई," दादा म्हणाला. "एवढी वर्षं तेच तर चाललंय."

"अरे, ती बाई होती ना आमच्याबरोबर. ती कुठाय?"

आई बाहेर आली. भिंतीला धरत, तो गुडघा ओढत, ओसरीची पायरी उतरून अंगणात. खिळ्यावरची किल्ली तिच्या हातात होती. शेपूट फाटकाच्या गजांना चिकटून उभी होती. बोलायचं म्हटलं तर आता आवाजच फुटेना. दोघींमध्ये फक्त अंगण होतं. आई संधिप्रकाशात डोळे बारीक करून बघत राहिली. तिच्या मनाला काहीतरी खात होतं, हे शेपटीला तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं. मुलगी नाही ओळखणार, तर आईला कोण ओळखणार?

मग आईने जन्मात कधी दिली नव्हती ती हाक दिली. हळू, विचारावी तशी.

"शेवट?"

शेपटीने सगळा जीव गोळा करून तोंड उघडलं.

"शेवट!" स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. "आई, बाहेर काय करतेस? थंडीने गुडघा धरेल. आत ये बघू."

आईचे खांदे सैल झाले. "आले गं," ती म्हणाली. ती आत गेली, आणि थोड्या वेळाने पुन्हा बाहेर आली, तेव्हा हातात किल्ली नव्हती. बशीने झाकलेला एक कप होता. तो तिने ओसरीच्या पायरीवर ठेवला आणि वाटेच्या दिशेने, पाहुण्यांशी बोलतात त्या मायेच्या सुरात म्हणाली, "बाई, तुमचा चहा ठेवलाय हं इथे. आलात की घ्या."

मग तिने दार लावून घेतलं.